पान एकशे बारा, ओळ नववी

मे महिना. कूलरची टाकी दुपारीच कोरडी.
सीताबर्डीत, दुसऱ्या माळ्यावर,
मी सात चंद्रांच्या जगातल्या चुका मोजते आहे.

उमाठे सर गेले. आता पाचही खंड एकाच पुठ्ठ्यात येणार.
प्रांजलनं लॅपटॉपवर तक्ता केलाय:
कोणता प्रहरी कुठल्या चंद्रावर जन्मला,
कोणाचा डावा हात तिसऱ्या खंडात तुटला
आणि चौथ्यात दोन्ही हातांनी भाकर मोडतो.
हात मी जोडून दिला. तेवढं जमतं.
अडलंय ते एका चौकोनात. तो लाल आहे.

"काकू, हे पाहा नं," तो म्हणतो,
"पाचव्या खंडात दगडावर कोरलेलं आहे:
ज्याच्या तळहातात ज्योत, त्याला घर नाही.
पहिल्या प्रहरापासून एकाही प्रहरीनं लग्न केलं नाही.
अन् दुसऱ्या खंडात हा म्हातारा ओर्वण
काहून म्हणून राहिला,
'माझी बायको अशा वेळी दिवा विझवून बसायची,
तारे आत यावेत म्हणून'?"

भंडाऱ्याच्या एका पोरानं हे कधीच पकडलं होतं,
पंच्याण्णव साली, पोस्टकार्डावर,
लाल शाईत तीनच शब्द:
ही बायको कोणाची?

प्रांजलकडे तोडगे आहेत.
दीक्षेआधीचं लग्न. चोरून केलेलं लग्न.
किंवा 'बायको' हे एका नक्षत्राचं नाव.
किंवा सरळ 'आई' करून टाकू, काकू,
एका शब्दाचं काम, ओळसुद्धा सरकत नाही.

मी हस्तलिखित काढते.
सरांचं अक्षर, उजवीकडे कललेलं, घाईचं.
ओर्वण राखेत बोट फिरवतो आणि गप्प राहतो.
गप्प राहतो. पुढे पूर्णविराम.
ही ओळ सरांची नाहीच.

महालातला छापखाना, शहाऐंशी साल.
खिळे जुळवणारा रतन मेश्राम,
उलटी अक्षरं सुलट वाचायचा.
आमच्या घरात एक नियम होता,
कधीच न छापलेला,
म्हणून त्यात चूक सापडायची सोय नव्हती.
कचेरीच्या फळ्यावर तीस दिवस आमची नावं लटकली,
धुळीनं वाचली.
मग चौदा महिने, पाचपावलीत एक खोली.
वीज गेली की तो कंदील लावायचा
आणि मी फुंकर घालायची.

पुढचं घरच्यांनी लिहिलं.
एक वाक्य: तो मुलगा बल्लारपूरला कामाला लागला म्हणे.
आणि दुसरं: आमची कुमुद वाचनात बुडाली,
लग्नाचं राहूनच गेलं.
चांगलं वाक्य आहे. कुठे अडकत नाही.
जनगणनेच्या माणसाला मीही तेच सांगितलं,
त्यानं पेन उघडायच्या आत.

ते प्रूफ माझ्याच हाती आलं होतं.
मूळ प्रत डावीकडे, ओलसर पान उजवीकडे,
बोट नवव्या ओळीवर.
ती ओळ काढणं हेच माझं काम,
त्याचाच पगार.
मी पान उलटलं.

सरांनी कधी विचारलं नाही.
पाचव्या खंडात तो नियम आला तेव्हा
चष्म्यावरून एकदा पाहिलं फक्त:
"कुमुदबाई, मागचं काही आडवं येत नाही नं?"
मी म्हटलं, नाही सर.

आता 'बायको'खाली मी टिंबं देते,
एकापुढे एक, पेन्सिलीनं.
प्रांजलला ही खूण माहीत नाही.
आहे तसं ठेवा, मी सांगते.
"मग खाली टीप तरी टाकू, काकू? लोक विचारतील."

टीप नको.
सात चंद्र आहेत, अकरा युद्धं,
एक समुद्र तर तुम्ही दोनदा आटवलाय.
तेवढ्या पसाऱ्यात
एक बाई अंधारात बसलीय,
बसू दे तिला.
अन् जाता जाता
टाकीत दोन बादल्या पाणी टाक.