तेविसावी रांग

प्रायात आज आकाश पिवळं आहे.
सहाराची धूळ समुद्र ओलांडून आली आहे.
ती निदान दिसते; लोक खिडक्या लावतात,
दोरीवरचे कपडे आत घेतात.

इल्डा फोर्टेसच्या टेबलावर एक यादी आहे.
मंगळवारी रात्री लिस्बनहून आलेलं विमान.
आसन तेवीस क. गोवर.
दोन रांगा पुढच्या, दोन रांगा मागच्या,
असा नियम.
जणू हवा शिस्तीत उभी असते
आपला नंबर येईपर्यंत.

ती फोन लावते.
एकवीस अ, पियानो सुरात लावणारा म्हातारा:
"गोवर? लहानपणीच येऊन गेला, आम्हा सातही भावंडांना.
सहा उरलो."
बावीस ड उचलत नाही.
चोवीस ब रोटरडॅमच्या गोदीतून सुट्टीवर आलाय,
त्याला वाटलं, नोकरी गेली म्हणून फोन.
आजाराचं नाव ऐकून तो चक्क हसतो.
पंचवीस फ विचारते, कोण होतं ते?
इल्डा सांगत नाही.

(सतरा वर्षांची आहे ती. मावशीच्या लग्नाला आली.
रात्रभर स्वेटरच्या बाहीत खोकला दाबत होती,
शेजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून.)

पूर्वी जहाजाला आठवडे लागायचे.
आजार वाटेतच अंगावर फुटायचा,
बंदराबाहेर पिवळं निशाण चढायचं.
आता ताप चढायच्या आत
बॅगा पट्ट्यावर येतात.

साडेतीनला एकवीस ड. झुलमिरा नावाची बाई
आपल्या लशीची तारीख धडाधड सांगते.
मागून रडणं ऐकू येतं.
"बाळ तुमचं?"
"हो, आठ महिन्यांचा."
"तो कुठे बसला होता?"
"बसतोय कसला? मांडीवरच होता की माझ्या."

इल्डा यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा बघते.
मांडीला क्रमांक नसतो.
लशीला त्याचा अजून एक महिना बाकी.
दुसरं इंजेक्शन आहे, पण सहा दिवसांच्या आत.
ती बोटं मोजते. बुध, गुरू, शुक्र,
शनी, रवी.
आज सोमवार.

"घरीच थांबा. दार कुणाला उघडू नका, मला सोडून."
बर्फाची पेटी खांद्याला अडकवून ती निघते,
जिन्यातून परत वर येते,
नव्या पोराला म्हणते, सगळ्यांना पुन्हा लाव,
सगळ्या रांगांना, शेवटच्या शेपटीपर्यंत.
एवढंच विचार:
मांडीवर कोण होतं?

बाहेर धुळीत समोरचं चर्चही पुसट झालंय.
बावीस ड अजून उचलत नाही.