मेलेल्यांची वही

पुंजारामजी काळबांड्यांनी सत्तावन्न कादंबऱ्या लिहिल्या
दारव्ह्याच्या जिनात, वजनकाट्यामागच्या खोलीत,
कापसाच्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर.
पुढून मण-शेर, मागून मोगल.
पुढे मण जाऊन क्विंटल आले,
मोगल तेच राहिले.

मी सातवीत होते, हमालाची पोर, अक्षर बरं.
प्रकरणामागे दोन आणे ठरवून
त्यांनी एक वही माझ्या हाती दिली:
कोण मेलं, कुठे, कितव्या पानावर.
कारण विसाव्या कादंबरीत पडलेला किल्लेदार
एकविसाव्यात उठून जेवायला बसला होता
आणि पुलगावच्या एका मास्तरांनी
पोस्टकार्ड टाकून विचारलं होतं, कसं काय बुवा.

घोड्यांची पानं वेगळी. रंग, खोड, स्वार.
ते स्वतः घोड्यावर एकदाच बसलेले,
लग्नात, मारुतीच्या पारापर्यंत.
समुद्र तर पाहिलाच नव्हता.
गलबत लिहायचं असलं
की सरकीच्या ढिगावर चढून बसायचे,
डोळे मिटून, पाय घोट्यापर्यंत रुतलेले.
"हालते बरं का, थोडंथोडं."

नर्मदा असो की भीमा,
फौज ज्या नदीतून उतरली ती दरवेळी आमची अडाण.
तोच उतार, तेच पळस,
धुण्याचा तोच चपटा दगड,
ज्याच्यावरून तीन शतकांतले तीन सरदार घसरले.

पार्बताबाई वाचत नसत. रॉकेल मोजत.
"एका लढाईले दोन बाटल्या लागते.
तह करा म्हणा आता."

एकदा मी अडले.
दरवाजा फुटला, आतले सगळे कापले गेले,
नावं मी ओळीनं उतरवली,
पण मशाल धरून उभा होता तो सोनबा?
त्याचं पुढं काहीच नव्हतं.
विचारलं, तर बराच वेळ टाक पुसत बसले.
"इतिहासानं नाही इचारलं त्याले.
तू कायले इचारतं?"
दुसऱ्या दिवशी पावतीवर एक ओळ जास्तीची:
सोनबानं मशाल विझवली, भिंत उतरला, घरी गेला.
नागपूरच्या प्रकाशकानं ती गाळली.
वहीत आहे.

माझं लग्न झालं, आणे गेले,
तरी पावत्यांचे गठ्ठे पोस्टानं येत राहिले,
कडेला सरकी चिकटलेली.
मग एका पोळ्यानंतर आले नाहीत.

त्यांचं नाव लिहायला मी वही काढली.
रकाने माझेच आखलेले: नाव, ठिकाण, पान.
नाव लिहिलं. ठिकाण लिहिलं.
पानाशी हात थांबला तो थांबलाच.

अठ्ठावन्नावीचा शेवटचा गठ्ठा माझ्या ट्रंकेत आहे.
फौज उतारावर आलीय. चुली पेटल्यात,
भाकरी एका बाजूनं भाजलेली,
हत्तीचे पुढचे दोन पाय पाण्यात.
सेनापती विचारतो, पलीकडे कोण
आणि पावती संपते, तेरा क्विंटल, सही.

कधीतरी रात्री मी तपासून पाहते.
अजून कोणी मेलेलं नाही.
त्या प्रकरणाचे पैसे मात्र
त्यांनी आगाऊ पाठवले होते,
मनीऑर्डरनं.