हिरव्यावर पांढरी रेघ

गाडी अडुसष्ट सालची, स्टँडर्ड हेरल्ड.
रंग कधीकाळी आकाशी;
परभणीच्या उन्हात बावीस वर्षं उभी राहून
आता कुठलाच नाही.

इंजिन लागलं. ब्रेक धरू लागले.
देगलूरच्या पत्रेवाल्यानं दारांचे खड्डे भरले.
अडलं ते एवढ्याशावर:
पितळेची गोळी, तुरीच्या दाण्याएवढी,
आणि तिला धरणारी काळी रबरी नळी,
जिच्यात दोन वायरी समोरासमोर येऊन
एकमेकींना टेकतात.

टेकत नाहीत.
म्हणून उजवं इंडिकेटर लागत नाही.

"टेप मारा की काका," स्टेशन रोडचा पोरगा म्हणाला,
"बॉनेटच्या आत कोण बघतंय?"
मी बघतो, बाबा.
एकतीस वर्षं बँकेत लोकांच्या सह्या ताडल्यात,
डोळा आता ऐकत नाही.

नांदेडला वजिराबादेत चपटी पिन दाखवली,
नवी, चकचकीत, रुपयाला दोन.
जालन्यात भंगारवाला म्हणाला, सुटं नाही, किलोनं न्या.
मला हवा होता दीड ग्रॅम.
त्याच्या मागे क्रेननं एक फियाट उचलली,
डॅशबोर्डाखालून वायरी लोंबत होत्या,
उपटलेल्या करडईच्या मुळ्यांसारख्या.
ती भट्टीकडे गेली. मी बसस्टँडकडे.

सेलूचं नाव कुणी सांगितलं ते आठवत नाही.
कय्यूम ऑटो इलेक्ट्रिक. कय्यूम वारून सहा वर्षं झालेली.
अर्धं शटर, आत शिलाई मशीन,
आणि मशीनमागे भिंतभर तपकिरीच्या डब्या.
"कौनसी वायर है जी? रंग बोलो,"
झैबुन्निसाबी टाका न मोडता म्हणाल्या.

रंगच तर गेलाय, म्हटलं,
आणि खिशातून तुकडा काढला:
सुती वेष्टणाचा, मातीच्या रंगाचा, वीतभर.
त्यांनी अंगठा ओला करून चोळला. काही नाही.
मग ब्लेडनं जुनी नळी चिरली,
जिथं ऊन कधी पोचलं नव्हतं तिथं बोटभर
हिरवं निघालं. त्यावर बारीक पांढरी रेघ.
"सीधे हाथ का इशारा," त्या म्हणाल्या,
मी काही सांगायच्या आत.

कसं कळलं?
चहा आला. बशीत ओतेपर्यंत त्या गप्प.
"उनको लाल-हरा एक दिखता था. पैदाइशी.
वो गाडी के नीचे, मैं बाजू में बैठ के रंग बोलती.
गाँव को नक्को मालूम था."

तालुक्यातले ट्रॅक्टर, एस्टीचे ड्रायव्हर,
डॉक्टरांच्या गाड्या, एकदा तर वरातीची बग्गी,
सगळे याच दारात उभे राहिले, आणि
पान्याच्या आवाजात कुणालाच ऐकू आलं नाही
बुरख्याआडून हळू येणारं
तांबडा, हिरवा, जांभळा, तपकिरी.

त्यांनी डबी उघडली. गोळ्या मोजल्या नाहीत,
चिमटीनं उचलल्या. "चार रखो. एक गिरेगी."
पैसे? "लगी तो देना."

रात्री एक पडली, मुरुमात, गेली.
दुसरी बसली. तरी दिवा नाही.
मग आठवलं, अर्थ.
अर्थच लागत नव्हता:
चेसीवरच्या बोल्टखाली गंज धरलेला.
कानशीनं घासला, चकाकेपर्यंत, आणि

टिक.
टिक.

समोरच्या लोखंडेंच्या भिंतीवर
नारंगी उजेड येतो, जातो, येतो.
उजवीकडे वळायला जागा नाही,
उजवीकडे भिंतच आहे;
तरी बराच वेळ बंद केलं नाही.

डावं उद्या.
डावी वायर हिरव्यावर लाल रेघेची.
कय्यूमभाईंच्या हातात ती
नुसतीच एक वायर असणार,
बाजूनं कुणी नाव घेईपर्यंत.

सेलूला जायचंय. चार गोळ्यांचे पैसे राहिलेत.