उंबरठा

वार्डोच्या टेकडीवर स्वानहिल्ड रात्रपाळीला,
पडद्यावर समुद्र: नुसती हिरवी खरखर.

उंबरठा खाली आणला की लाट न् लाट होडी होते.
काल पहाटे तिनं तुर्लाइफला उठवलं,
दोन तास गारठ्यात हुडकून तो परतला.
पक्ष्यांचा थवा होता.
बोलला काहीच नाही, हातमोजे पिळले, कॉफी मागितली.
तेच तिला जास्त लागलं.

उंबरठा वर नेला तर पडदा सारवल्यासारखा स्वच्छ,
आणि एखादी लाकडी होडी त्या सारवणाखाली.

म्हणून यंत्र प्रत्येक घराच्या शेजाऱ्यांना विचारतं,
तुमच्याकडे आज गलका कितपत?
अगदी भिंतीला भिंत असलेल्यांना मात्र नाही,
ते होडीचेच नातलग निघायचे.
गलक्याहून जो बराच वर, त्याचंच नाव घ्यायचं.
दहा लाखांत एक चूक चालेल, असं कागदावर आहे.
त्या एकीसाठी कुणाची झोप मोडायची, ते नाही.

आत्ता ईशान्येला, सात मैलांवर,
ठिपका. गेला. पुन्हा आला.
दहा फेऱ्यांत तीनदा,
उंबरठ्याला जेमतेम पाऊल लागेल इतकाच.
थवा असता तर एव्हाना सरकला असता.
की बसलाय पाण्यावर?

अकरावी फेरी. काही नाही.
तिचा हात फोनवर.
हीटरवर तुर्लाइफचे विसरलेले हातमोजे,
अजून ओले.