तीन क्रेडिट परत

फाइल आली ती माशांच्या खोक्यातून.
पुठ्ठ्यावर मेणाचा थर, कोपऱ्यात निळा शिक्का.
न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावरचा कारखाना बंद पडून तीस वर्षं झाली,
तरी खोक्याला वास होता,
किंवा मला तसं वाटलं.
नाव : फिलोमीना हाइन्स. वय : एकसष्ट.
विषय : पूर्वानुभवाचं मूल्यमापन.

माझं काम तसं सोपं.
डाव्या रकान्यात आयुष्य, उजव्यात अभ्यासक्रमाचे शब्द,
मधल्या ओढ्यावर मी फळी टाकायची.
"पंधरा वर्षं कॉड कापला" :
अन्नसुरक्षा व गुणवत्ता नियंत्रण, तीन क्रेडिट.
"फोरमनला म्हटलं, हात बधिर झालेत, पट्टा थांबव.
त्यानं नाही थांबवला. मग आम्ही थांबवला, अकरा दिवस" :
औद्योगिक संबंध, तीन.
"आईला भरवलं, कूस बदलली, नऊ वर्षं.
शेवटची दोन तिनं मला ओळखलं नाही" :
इथे मी चहा करायला उठलो.
परत येऊन लिहिलं, दीर्घकालीन शुश्रूषा, प्रात्यक्षिकासह.

पुरावा जोडा, असं फॉर्म म्हणतो.
शिफारसपत्र द्यायला फोरमन हयात नव्हता.
तिनं सुरी जोडली होती, जुन्या टॉवेलात गुंडाळून,
पातं झिजून करंगळीएवढं उरलेलं.
सुरीला पान क्रमांक कुठे घालावा
हे नियमावलीत नव्हतं.
मी दोरा बांधून चिठ्ठी लावली : परिशिष्ट ड.

मुलाखतीला ती बर्फातून आली.
बूट दाराशी काढले, मोज्यांवरच बसली.
मी आकडा सांगितला, जरा ऐटीतच :
एकवीस. वर्षभराची फी वाचली, बाई.
तिनं चष्मा चढवला,
बोट यादीवरून खाली खाली नेलं,
आणि एका ओळीवर टेकवलं.
"हे काढा."

हिशेबलेखन, प्राथमिक. तीन.
अहो, युनियनच्या वह्या चार वर्षं तुम्हीच ठेवल्यात ना?
"ठेवल्या. चुकीच्या."

हंगामात कोण किती आठवडे कामावर होतं
ते तीच मोजायची.
दहा भरले तर हिवाळाभर सरकारी भत्ता,
नऊ भरले तर काहीच नाही.
अँब्रोज टिझर्डचे तिनं नऊ लिहिले.
दहावा दोन पानांच्या मधे राहिला.
"खवल्यांनी चिकटली होती पानं."
त्या हिवाळ्यात अँब्रोजनं होडीचं इंजिन विकलं.
मार्चमध्ये पोरांना घेऊन टोरांटोला गेला.
भांडला नाही. जाताना बेकॲपलच्या जॅमची बरणी ठेवून गेला दारात.
"आम्ही खाल्ला तो. चांगला होता.
चूक मला जूनमध्ये सापडली."

खिडकीबाहेर बर्फ काढणारा ट्रक गेला,
काचा थरथरल्या.
तो लांब जाईपर्यंत ती थांबली.

"तुम्ही म्हणता अनुभव. आहेच की.
मासा मी शिकले, हाताला विचारा.
पण हिशेब मी शिकले नाही,
तो माझ्या अंगावरून गेला.
मला वर्गात बसायचंय.
कुणीतरी फळ्यावर दाखवू दे,
जमा कुठे लिहायचं, नावे कुठे,
आणि चूक जूनच्या आधी कशी सापडते."

मी तिला नियम वाचून दाखवला.
दिलेलं क्रेडिट परत घ्यायची सोय नाही.
फॉर्मवर तसा रकानाच नाही.
"मग आखा," ती म्हणाली.

पट्टी सापडेना.
रेघ जरा वाकडीच आली.
तिच्यापुढे मी लिहिलं : उणे तीन. मिळून अठरा.
आणि सही करताना, का कोण जाणे,
पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

आता मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी
ती पहिल्या बाकावर असते.
शेजारची एकोणीस वर्षांची पोर
तिची बेरीज तपासते, ती पोरीची.
पहिल्या चाचणीत तिला शंभरपैकी बावन्न पडले.
पेपर तिनं घडी न घालता नेला.

सुरी अजून माझ्या कपाटात आहे.
परिशिष्टं पाच वर्षं जपून ठेवायची, असा नियम.
परवा जिन्यात भेटली तेव्हा तिनं विचारलं,
"धार तरी लावता का तिला?"