डमी आउटपुट

कूलरची मोटर बदलायला गेलो होतो मानेवाड्यात,
लांजेवार सरांकडे. सेहेचाळीस डिग्री.
म्हणाले, मोटर राहू दे बाबू, आधी हे वाच,
सकाळपासून बोलून नाही राहिला.

स्क्रीन कशाची, त्यांना तर तो आवाजच दिसतो.
रात्री काहीतरी अपडेट झालं
आणि सकाळी की दाबली तर नुसती की वाजली.

मी वाचलं : डमी आउटपुट.
सर हसले. म्हणजे तोंड आहे, जीभ नाही.

मग ते टाइप करत गेले, न अडखळता,
आणि मी, दहावी नापास, एकेक अक्षर लावून
सांगत गेलो : एन, ओ... नो साउंडकार्ड्स फाउंड.
'फाउंड'वर माझी गाडी दोनदा अटकली.
कूलर बंद. खस वाळून कडक.
त्यांच्या कानामागून घामाचा थेंब
कीबोर्डवर पडला, तो फक्त मला दिसला.

"जुना कर्नल दिसते का यादीत? खालून दुसरा?"
दिसते, म्हटलं. बाण खाली, एंटर.
मग एक काळी पट्टी, तिच्या बुडाशी एम एम.
"एम म्हणजे मुका. दाब."
दाबलं. ओ ओ झालं.

आणि तो बोलला,
इतका भरभर, की मला एक शब्द कळेल तर शपथ.
सरांनी मान तेवढी हलवली,
घरात कोणी आल्यासारखी.

नंतर माझं नाव टाइप केलं : प्रभुदास.
तो म्हणाला, पर्भूदास.
"चुकला काय?"
नाही, म्हटलं. आमच्या भंडाऱ्याकडे असंच म्हणतात.

मोटर लावली, बटण दाबलं, कूलर घरघरला.
सर म्हणाले, थांब बे,
पाच मिनिटं बंदच ठेव अजून.