उन्हाचा वाटा

तबीथाकाकूंच्या गच्चीवर मला नोकरी होती.
वय नऊ. पगार दिवसाला मूठभर बेदाणे.
काम : साळुंक्या हाकलणं,
आणि गांधीलमाश्या आल्याच तर
काही न करता नुसती हाक मारणं.

नान्नजहून टेम्पोनं क्रेट यायचा मार्चअखेर,
निर्यातीतनं मागं राहिलेला माल,
मणी बारके, पण गोडीला पक्के.
काकू ताणकाट्याला लावायच्या : दहा किलो.
भिंतीवर खडूनं दहा.
मग जुन्या चादरीवर घड आडवे,
चादरीतला मोर त्यांच्याखाली बुडायचा,
फक्त तुरा बाहेर.
वरून मलमल, कडेनं विटा.

बेचाळीस. त्रेचाळीस.
पेपरातले आकडे चढत गेले तसे
घड उतरत गेले.
खाली आमच्या मागांची खटखट,
वर इतकी शांतता
की सालीला सुरकुती पडताना ऐकू येईल.
(नाही आलं. मी कान लावला होता,
कान भाजला.)

आई म्हणायची, आपल्यात याला एंडुद्राक्ष म्हणतात,
एंडा म्हणजे ऊन.
बघ, नावातच गच्ची आहे.

चौदाव्या दिवशी परत काटा : साडेतीन.
"काकू, साडेसहा किलो कुठं गेले?"
"उन्हाचा वाटा.
बटईनं दिलंय की त्याला.
तेही दिवसभर राबतंय, त्याला घसा नाही?"

मग घोटभर पाण्यात रात्रभर भिजवणं, हातानं कुस्करणं,
लोणच्याच्या बरणीत भरून तोंडाला फडकं.
वरून साखर चिमूटभर नाही.
बरणी महिनाभर आपल्याशीच पुटपुटायची,
आणि एका सकाळी गप्प.
मला वाटलं, मेली.
"आतले जीव साखर खाऊन खाऊन
स्वतःच झिंगले रे, अंबादास.
त्यांच्यानं संपली नाही
तेवढी आपली."

नाताळच्या प्रभूभोजनाला पेल्यात तीच असायची,
मंडळीच्या दोनशे ओठांना एकेक थेंब.
मग नवे पाळक आले. त्यांनी चाखली, खोकले.
पंचांची बैठक झाली :
यापुढे दुकानातलं सरबत आणावे.
इतिवृत्त काकूंनीच लिहिलं, चिटणीस त्याच,
वळणदार अक्षरात, शेवटी "एकमताने".

पुढच्या मार्चला टेम्पो आला.
भिंतीवर दहा.
"आता कुणासाठी, काकू?"
त्यांनी चादरीकडं बोट केलं.
साळुंकी मोराच्या तुऱ्यावर बसली होती.
"हाकल की. पगार कशाचा घेतोस?"

मला पहिला घोट मिळाला बाविसाव्या वर्षी,
माग भंगारात घातले त्या संध्याकाळी,
बाटलीच्या टोपणातून.
आधी बेदाणा आला, मग गूळ जळतो तसं काही,
मग बऱ्याच उशिरानं
नऊ वर्षांच्या पायांचे तळवे,
फरशीवर एक टेकवत, एक उचलत.

मी काही बोललो नाही.
काकूंनीही विचारलं नाही, कशी झाली.
टोपण परत घेतलं,
तळाला एक थेंब होता,
तो गच्चीवर झटकला.

मी खाली बघेपर्यंत
फरशी कोरडी.